सेनिओच्या बांधावरचा नामदेव

मराठी माणसाच्या इटली सहलीचा कार्यक्रम आता तोंडपाठ म्हणावा असा झाला आहे. रोममध्ये कलोसियम, व्हॅटिकनमध्ये मान अवघडेपर्यंत छताकडे बघणं, पिसाच्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो, फ्लॉरेन्स, मग व्हेनिस आणि रोज रात्री न चुकता भारतीय जेवण. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला निघालेली बस बोलोन्याजवळून उत्तरेकडे वळते. तिथून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर सेनिओ नावाची नदी आहे. बस तिकडे जात नाही. ती एकदा तरी तिकडे वळावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी या नदीच्या पात्रात नामदेव जाधव नावाचा शिपाई उतरला. वय तेवीस. गाव निमज, जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, 'जंगी पलटण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकडीत, तो कंपनीचा रनर होता. कंपनी कमांडरच्या पाठीशी राहायचं आणि गोळीबारातून निरोप इकडचा तिकडे पोचवायचा, हे रनरचं काम. त्या संध्याकाळी त्याने जे केलं त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठीत ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती बहुतेक एका वाक्यात उरकते: जखमींना वाचवलं, शत्रूची तीन ठाणी उद्ध्वस्त केली. सगळं खरं आहे. पण हे वाक्य कुठल्याही युद्धातल्या कुठल्याही शूराला चिकटवता येईल. नामदेवने नेमकं काय केलं ते समजायला सेनिओचा बांध बघावा लागतो.

नदी म्हणून सेनिओ अगदीच किरकोळ. आपल्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या कालव्याएवढीच. नामदेवच्या सन्मानपत्रात तिची मापं दिली आहेत: रुंदी सुमारे १५ फूट, खोली ४ ते ५ फूट. उडी मारून पलीकडे जाता येणार नाही, पण पोहायचीही गरज नाही. दोन्ही काठांवरचे मातीचे बांध मात्र ३० ते ३५ फूट उंच आणि कड्यासारखे उभे. रोमान्याचा हा मुलूख सपाट, गाळाचा. ॲपेनाइन्सच्या डोंगरातून उतरणाऱ्या नद्या इथे पसरू नयेत म्हणून त्यांना अशा उंच बांधांत कोंडून ठेवलेलं आहे. हे बांध किती गरजेचे आहेत ते मे २०२३ च्या महापुरात दिसलं. सेनिओचं पाणी बाहेर पडलं आणि लुगो, कोतिन्योला या गावांत शिरलं. एरवी बांधावरून चालताना एका बाजूला खाली पाण्याची बारीक पट्टी दिसते आणि दुसऱ्या बाजूला पीच आणि द्राक्षांच्या बागा.

१९४४ च्या डिसेंबरअखेर दोस्त फौजा या नदीपाशी येऊन थांबल्या आणि एप्रिलपर्यंत तिथेच थांबून राहिल्या. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरले होते. बांधाच्या पोटात खंदक, मशीनगनची ठाणी, राहण्याच्या खोल्या. आतल्या उतारावर, पाण्याच्या वर, सुरुंगांची पट्टी. काही ठिकाणी तर एकाच बांधाची बाहेरची बाजू दोस्तांकडे आणि आतली बाजू जर्मनांकडे, मध्ये फक्त मातीची जाडी. असे जवळपास साडेतीन महिने.

९ एप्रिलला ब्रिटिश आठव्या आर्मीने हल्ला केला. दुपारी आठशेहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमानं येऊन गेली. मग तोफा. त्या थांबत, पुन्हा सुरू होत, पुन्हा थांबत. आता पायदळ येणार म्हणून जर्मन सैनिक मोर्चावर यावेत आणि पुढच्या माऱ्यात सापडावेत, असा त्यामागचा हिशेब होता. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी पायदळ खरोखर निघालं. लुगोच्या एका अंगाला न्यूझीलंडची डिव्हिजन, दुसऱ्या अंगाला आठवी भारतीय डिव्हिजन.

पुढचं समजून घ्यायला बांधाचा माथा हीच जागा. मराठ्यांच्या एका कंपनीने पूर्वेकडचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा बांध घ्यायचा, असा बेत होता. नामदेवची कंपनी पूर्वेचा बांध चढून, आतल्या बाजूने उतरून पाण्यात शिरली. पलीकडच्या काठाला लागते न लागते तोच मशीनगन कडाडल्या आणि गोळ्या आल्या त्या पाठीमागून. जो बांध ओलांडून ही माणसं आली होती, त्याच्याच आतल्या उतारात दडलेली किमान तीन ठाणी अजून जिवंत होती. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. नामदेव सोडून त्या गटातले बाकीचे सगळे मारले गेले.

आता सुरक्षित जागा कुठली? ती होती पूर्वेच्या बांधापलीकडे, म्हणजे जिथून गोळ्या येत होत्या त्याच बांधाच्या पाठीमागे. नामदेवने एका जखमीला उचललं, छातीएवढ्या पाण्यातून मागे आणलं, सुरुंगांच्या पट्टीतून तो उभा चढ चढवला आणि पलीकडे पोचवलं. परत आला, दुसऱ्याला तसंच नेलं. त्यानंतर तो पुन्हा बांध ओलांडून आत उतरला. या वेळी आणायला कुणी नव्हतं, ती ठाणी होती. पहिलं ठाणं टॉमी गनने गप्प केलं. हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले, तेव्हा सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. तिन्ही ठाणी शांत झाल्यावर तो बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला आणि उखळी तोफांच्या माऱ्यात मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावू लागला.

सन्मानपत्रातली 'पूर्व बांधाचा आतला उतार' ही कोरडी शब्दरचना कागदावर वाचताना डोळ्यांखालून निघून जाते. जागेवर उभं राहिलं की तिचा अर्थ लागतो. पंधरा फूट पाणी, दोन्ही अंगाला तीन मजली चढ, लपायला काहीही नाही, आणि शत्रू समोर नसून मागे. रणभूमी पाहायला जाण्याचं खरं कारण हेच. पराक्रमाला जागेचं माप मिळतं.

युरोपातली मोठी युद्धसंग्रहालयं हे माप देऊ शकत नाहीत. त्यांच्याजवळ पैसा असतो, प्रकाशयोजना असते, रणगाडे असतात, आणि महायुद्धाचा पट उलगडून दाखवण्याची हौसही असते. सेनिओच्या काठावरच्या आल्फोन्सिने गावातलं संग्रहालय त्या मानाने लहान आहे. १९८१ मध्ये ते सुरू झालं. नावच 'सेनिओच्या लढाईचं संग्रहालय'. एक नदी, एक हिवाळा, एक लढाई, एवढाच त्याचा विषय. इथे लढलेल्या फौजांची शस्त्रं, गणवेश, साहित्य, छायाचित्रं, आणि ज्यांच्या शेतांत हे सगळं घडलं त्या लोकांची हकिगत. हे संग्रहालय ज्या चौकात आहे त्याचं नाव 'प्रतिकाराचा चौक', आणि रावेन्ना प्रांताच्या प्रतिकार-इतिहासाची संशोधन संस्थाही तिथेच. मांडणी कशी आहे यावर मतभेद होऊ शकतील. विषयाची निवड मात्र अचूक आहे.

कारण आल्फोन्सिनेला हे सांगण्याचा हक्क आहे. आघाडी इथे येऊन अडकली, तेव्हा गावकरी तळघरांत, गोठ्यांत, मिळेल त्या आडोशाला राहिले. गोळीबाराला मोकळी जागा हवी म्हणून जर्मनांनी काठावरची घरं पाडली. वरून दोस्तांचे बॉम्ब पडत होते. माघार घेताना जर्मनांनी सुरुंग लावून आणखी पडझड केली. १० एप्रिलला गाव मुक्त झालं तेव्हा मुक्त करायला फारसं गाव उरलं नव्हतं. युद्धानंतर गावाचं केंद्र जुन्या जागी न उभारता नदीच्या दुसऱ्या काठावर नव्याने बांधलं गेलं. 'इलियड' इटालियनमध्ये आणणारा कवी विन्चेन्झो मोन्ती याच गावचा. त्याचं जन्मघर टिकून आहे. ट्रॉयच्या वेढ्याची गोष्ट इटलीला ऐकवणाऱ्या कवीच्या गावालाच पुढे वेढ्यासारखा हिवाळा भोगावा लागला, याला योगायोगच म्हणायचं.

आल्फोन्सिने मुक्त केलं ते इटालियन सैनिकांनीच, 'क्रेमोना' नावाच्या तुकडीने. ही बाब मराठी वाचकाने जरा थांबून बघावी अशी आहे. सप्टेंबर १९४३ पर्यंत इटली जर्मनीच्या बाजूने लढत होती. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन ज्यांच्याशी लढली ते इटालियनच. तीन वर्षांनी तीच बटालियन इटलीत उतरून इटालियन गावं सोडवत होती. उलट इटलीच्या आघाडीवर भारतीय सैनिक समोरच्या बाजूलाही होते: जर्मनांच्या 'आझाद हिंद' लीजनची एक कंपनी १९४४ च्या वसंतात दोस्तांविरुद्ध तिथे पाठवली गेली होती. शत्रू कोण आणि आपलं कोण, याची सोपी यादी या भूमीवर करताच येत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो योग्यही आहे. नामदेव लढला तो ब्रिटिश साम्राज्यासाठी. ज्या वर्षांत मराठा पलटणी इटलीत लढत होत्या, त्याच वर्षांत साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार ब्रिटिशांशी झुंजत होतं. एकाच मुलखातली पोरं, कुणी भूमिगत, कुणी पलटणीत. मग आपण नक्की कुणाचा अभिमान बाळगायचा? या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात. एक तर 'भाडोत्री' म्हणून हात झटकायचे, नाहीतर व्हिक्टोरिया क्रॉसचा फोटो लावून प्रश्नच विसरायचा. सेनिओच्या काठावर दोन्ही उत्तरं तोकडी पडतात. जखमींना उचलून सुरुंगांतून दोनदा चढ चढणारा माणूस पगारासाठी ते करत नसतो. आणि ज्या राजाच्या वतीने दिलेला क्रॉस त्याच्या छातीवर लागला, त्या राजाचं राज्य त्याच्या स्वतःच्या गावावर त्याला न विचारता चाललेलं होतं, हेही खोटं नाही. नामदेवचं मोठेपण मानायला साम्राज्याचं मोठेपण मानावं लागत नाही. रोमान्यातला शेतकरी तरी या वादात पडला नसावा. त्याच्या दारातून जर्मन गेले आणि आले ते दूरच्या देशांतले हे सैनिक.

त्या काठावर त्याच दिवशी आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, फुसिन्यानोजवळ, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरला. तो कोहाटकडचा पठाण; कोहाट आज पाकिस्तानात. एकाच डिव्हिजनचे दोन जवान, एकच नदी, एकच संध्याकाळ. पुढे दोन देश झाले, आणि आपण नामदेवची गोष्ट सांगताना अली हैदरचं नाव सहसा घेत नाही.

इटलीतल्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय सैन्याच्या जवानांना. पैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. नामदेवच्या आधी, १० जुलै १९४४ ला, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडला. रायगडातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वय २२. त्याच्या सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा तो एकटा मशीनगनवर धावून गेला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने लढला. जिंकलेल्या त्याच ठाण्यात नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याचा अंत झाला. त्याला थडगं नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे.

आणि २०२३ पासून इटलीतही त्याच्या नावाचं काहीतरी आहे. उंब्रियातल्या मोंतोने या डोंगरमाथ्यावरच्या चिमुकल्या गावाने आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून यशवंत घाडगेचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही. सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये कोरलेल्या ब्रीदाचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. परदेशातल्या एका ग्रामपंचायतीएवढ्या गावाला हे सुचलं आणि त्यांनी ते करून दाखवलं. महाराष्ट्रातल्या स्मारकांच्या उंचीवरून होणाऱ्या भांडणांच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट वाचली की थोडं ओशाळायला होतं.

मराठी बाजूने काय करता येईल, याचं उत्तर सेनिओपासून थोड्या अंतरावर फोर्लीला मिळतं. तिथे भारतीय सैन्याची वेगळी युद्ध दफनभूमी आहे. जवळपास ५०० थडगी, आणि ज्यांना अग्नी दिला गेला त्या हिंदू आणि शीख जवानांच्या नावांचं स्मारक. त्यावर सातशेहून अधिक नावं. एकाच आवारात दफन आणि दहन, दोन्हींची आठवण राखलेली. मेल्यानंतरही ज्याच्या त्याच्या धर्माचा मान राखण्याची ही काळजी साम्राज्याच्या हिशेबी शिस्तीतून आली असेल, पण घेतली गेली एवढं खरं.

अशा नावांची नोंद राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाकडे असते, आणि ती इंटरनेटवर कुणालाही शोधता येते. बऱ्याच भारतीय नावांपुढे वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. इंग्रजी कारकुनांनी ऐकून लिहिलेली गावांची नावं ओळखायला थोडं डोकं लागतं. पण सातारा, रत्नागिरी, रायगड, अहिल्यानगर, पुणे, बेळगाव या जिल्ह्यांतल्या शाळांनी हा शोध प्रकल्प म्हणून हाती घेतला, तर एखाद्या वर्गाला आपल्याच गावचं नाव इटलीच्या एका भिंतीवर सापडू शकेल. याला सरकारी अनुदान लागत नाही. इटलीत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक पडले. सैनिकांच्या घरची बाजू, आलेली पत्रं, न आलेली पत्रं, पेन्शनचे कागद, आजीने सांगितलेल्या गोष्टी, हे घरोघरच्या पेट्यांतून वाळवीच्या तोंडी जातं आहे. ज्यांनी ते पाहिलं त्या पिढीतलं आता जवळपास कुणी उरलेलं नाही. आल्फोन्सिनेच्या लोकांनी १९८१ मध्ये आपली बाजू मांडून ठेवली. निमजच्या बाजूची प्रत त्यांच्या अभिलेखागाराला मिळाली, तर ती लढाई दोन्ही टोकांनी वाचता येईल. निमज आणि सेनिओकाठचं एखादं गाव यांनी एकमेकांना पत्र लिहायला मुंबईच्या किंवा रोमच्या परवानगीची गरज नाही.

सहल कंपन्यांना हे पटायला कठीण नाही. त्यांना आमिष हवं असेल, तर तेही आहे. जवळचं लुगो हे पहिल्या महायुद्धातला इटलीचा विमानवीर फ्रान्चेस्को बाराक्का याचं गाव; फेरारी गाडीवरचा उधळलेला घोडा मुळात त्याच्या विमानावरचा, आणि त्याच्या आईने तो एन्झो फेरारीला वापरायला सुचवला. त्याच्या घरात आता संग्रहालय आहे. बसमधल्या तरुण मंडळींना उतरवायला तो घोडा पुरेसा आहे. रावेन्नाची जगप्रसिद्ध मोझेइक चित्रंही वाटेवरच. आल्फोन्सिने फेरारा ते रावेन्ना या रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे स्वतंत्र फिरणाऱ्यांचीही अडचण नाही. मात्र अशी लहान संग्रहालयं मोठ्या शहरांतल्यासारखी रोज दिवसभर उघडी नसतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी. आणि क्रम उलटा ठेवावा: आधी लुगोच्या बाजूने बांधावर चढून नदीच्या पात्रात खाली बघावं, दोन्ही उतार नीट पाहून घ्यावेत, आणि मग संग्रहालय. फोर्लीसाठी दुपार ठेवली तर एका दिवसात सगळं होतं. व्हेनिसचा मुक्काम त्याने एका रात्रीने कमी होईल, आणि गोंडोलाचे वाचलेले युरो रावेन्नाच्या जेवणावर खर्च करता येतील.